आधी घडलेलं, मग शब्द

साल दोन हजार तेवीस. मी सत्तरीला एक कमी. साताऱ्यात मुलाच्या घरी राहायला आलो होतो. मुलगा पलटणीत, सरहद्दीवर. घरी मी आणि सून रूपाली. ती पंधरावी शिकलेली, मी दुसरी होताच मेंढरांमागं गेलेला. तिला नोकरी करायची होती. मुलाखतीत स्वतःबद्दल इंग्रजीत बोलावं लागतं, म्हणून तिनं लेलेबाईंचा क्लास लावला. बाई गेल्या साली गेल्या. त्यांच्यावर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून मी दुसरी पास माणूस लिहितोय.

सून संध्याकाळची एकटी बाहेर जाणार नाही, हा माझा हट्ट. रोज तिच्यामागं जायचो आणि क्लासच्या पायरीवर बसायचो. चौथ्या दिवशी बाई दारात आल्या. अंगानं काडी, आवाज मात्र भोंग्याचा.

"काय पहारेकरी, आत कोणी चोर नाहीये. या आत. पण माझ्याकडे फुकट बसता येत नाही. घडलेलं काहीतरी सांगावं लागतं."

त्यांचा नियमच तो. आधी आपल्यावर गुदरलेली खरी गोष्ट सांगायची, मग बाई तिचा इंग्रजी शब्द देणार. खोटं त्यांना लगेच कळायचं. "हे तुझं नाही, मोबाईलमधलं आहे. बस खाली."

मी म्हणालो, "मला शब्द नको. मला काय विलायतेला जायाचं हाय?"

"मग गोष्ट तरी द्या."

मी इरेला पडलो. एक मेंढी पहिल्या वेताला पिलाला जवळ घेईना, लाथा मारायची. तीन दिवस तिचं तोंड मांडीत धरून पिलाला पाजलं, भाकरीसुद्धा तिथंच खाल्ली. चौथ्या दिवशी तिनं आपणहून पिलू चाटलं. एवढं सांगितलं.

बाई पोरींकडं वळल्या. "पेशन्स. वहीत लिहा. खाली यांचं नावही लिहा."

"आवं, याला आमी दम म्हणतो. दमाला इंग्रजी नाव कशाला?"

"मुलाखत घेणारा तुमच्या मेंढ्या बघायला येणार आहे का? गोष्ट तुमची, शब्द त्याचा. तेव्हा कुठे त्याला तुम्ही दिसता."

घरी येताना वाटभर तो शब्द मी तोंडात घोळवला. रूपालीला कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आत बसायला लागलो.

बाईंच्या टेबलावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला असायचा. त्यातलं पाणी त्या पीत नसत. सगळी नोकरी कोयनानगरला, धरणाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून झालेली. तिथं जमीन हलली की आधी पाण्यात दिसायचं. इथं रस्त्यावरून ट्रक गेला तरी बाई वाक्य अर्धं सोडून पेल्याकडं बघायच्या, आणि पाणी थांबलं की तिथूनच पुढं. "हललं म्हणजे पडलं नव्हे," हे त्यांचं पालुपद.

एकदा एक पोरगी मुलाखतीत नापास होऊन रडत आली. बाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? आता कुठे अडलीस ते सांग." सगळं ऐकून शब्द दिला, सेटबॅक. पोरगी नाक पुसत म्हणाली, "बाई, एवढ्या रडण्याला एवढासाच शब्द?"

"लहान केला की उचलता येतो," बाई म्हणाल्या.

पुढं रूपालीला सांगलीच्या एका दवाखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. नोकरी लागली तर तिथंच राहायचं होतं. मी बजावलं, "मुलाखतीला मी बरोबर येणार. आत पण बसणार. आन् तिथं राह्याचं जमायचं न्हाई."

आदल्या संध्याकाळी बाईंनी तिचा सराव घेतला. "तुझ्या वाटेत काय आडवं आलं, आणि तू ते कसं पार केलंस?"

रूपाली उभी राहिली. एरवी पहिली गोष्ट तिचीच. त्या दिवशी तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "माझ्याकडं तसं काही घडलेलं नाही, बाई."

खोटं बाईंना कळतं, हे सांगितलंच आहे. पण त्या तिला "बस खाली" म्हणाल्या नाहीत. पेल्याकडं बघत राहिल्या. पोरी पंख्याकडं. कुणी बोललं असतं तर मी भांडलो असतो. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मी उठलो. "मी सांगतो."

"ज्याचं घडलं, त्यानंच सांगायचं."

"घडवणारा मीच हाय की! एक शिकलेली सून हाय. सासरा तिच्यामागं फिरतो, मेंढरामागं फिरल्यागत. तिला वाट ठावं हाय. त्यालाच दम न्हाई."

"मामा, बसा हो खाली," रूपाली पुटपुटली.

बाई म्हणाल्या, "ऑब्स्टॅकल." शब्द चांगला दणकट होता, मला शोभणारा.

"आन् पार केलं, त्याला काय म्हणायचं?"

"ते अजून घडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "घडलं की देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची सांगलीची एसटी होती. अंघोळ करून, पटका बांधून मी तयार. रूपाली पिशवी घेऊन दारात माझी वाट बघत थांबली होती. मी माझ्या वहाणा उचलल्या आणि कॉटखाली सारल्या.

"जा," म्हणालो. "पोचलीस की फोन कर. न्हाई केलास तरी चालंल."