कागदी प्लेटमधली भाऊबीज

सकाळी शाळेत निघण्याच्या बेतात होते तेव्हा हॉस्पिटलातून फोन आला, ‘तुमचे पेशंट गेले.’ पेशंट म्हणजे माझा धाकटा भाऊ नितीन. वय अठ्ठेचाळीस. पित्ताशयात पू झाला, ते फुटलं, विष अंगभर भिनलं, आणि शस्त्रक्रिया झाली तेव्हा फार उशीर झाला होता. हे इतकं तपशिलात सांगते आहे, कारण तेराव्याला आमच्या मुलुंडच्या घरी जमलेली मंडळी गोडाचं जेवताना एकमेकांना सांगत होती, ‘शेवटी त्याच आजाराने गेला हो.’ त्या आजाराने तो गेलेला नाही. त्या आजाराला त्याने चौदा वर्षं कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. त्याला घालवलं माणसांच्या भीतीने, आणि त्या भित्र्या माणसांत मीही होते.

नितीनला एचआयव्ही आहे हे कळलं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला, ‘कसा झाला?’ त्याचं उत्तर मी इथेही देणार नाही. ज्यांना तेवढंच हवं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत ते मोजतात, त्याला व्हायरल लोड म्हणतात. नितीनचा आकडा तेव्हा लाखांत होता. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांतच तो इतका खाली आला की यंत्राला सापडेना. विषाणू शरीरात दडून राहतोच, म्हणून गोळी जन्मभर घ्यायची. पण रक्तातला आकडा असा खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारालासुद्धा लागण होत नाही. एकत्र जेवून तर एचआयव्ही कधीच, कुणालाच होत नाही. हे मला कुणी समजवायची गरज नव्हती. मी दहावीला विज्ञान शिकवते. हे मी फळ्यावर लिहिलंय, परीक्षेत विचारलंय, आणि चुकणाऱ्यांचे मार्क कापलेत.

आणि तरीही त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी बाजारातून कागदी प्लेट्स आणल्या. एकट्या नितीनला वेगळं ताट दिलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं ना, मग सगळ्यांनाच कागदी! नवऱ्याला, मुलांना, पाहुण्यांना. ‘घासायची कटकट नको बाई,’ असं मोठ्याने म्हणतही होते. केवढं कौतुक वाटलं होतं मला स्वतःचं... कुणाचं मन न दुखवता भावाला विटाळात बसवायची युक्ती मी शोधून काढली होती. श्रीखंडाने मऊ पडलेली ती प्लेट नितीनने स्वतःच दुमडली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि बराच वेळ साबणाने हात धूत राहिला. पुढच्या दिवाळीला मी पुन्हा कागदीच आणल्या. मग तो आमच्या घरचा रिवाजच झाला. एका वर्षी मात्र नितीन चिडवल्यासारखं म्हणाला, “काय गं ताई, तुमच्याकडे पाणीकपात फार दिसते.” सगळे हसले. मीही हसले.

वर्षातून एकदा त्याची व्हायरल लोडची तपासणी असायची. रिपोर्ट मिळाला की तो त्याचा फोटो मला पाठवायचा. सोबत एक शब्दसुद्धा नाही. मी अंगठा पाठवायची आणि वह्या तपासायला बसायची. तो मला तब्येतीची खुशाली कळवतोय, असं मी समजत होते. खुशालीसाठी फोन होता की! तो दरवर्षी मला पुरावा पाठवत होता, आणि मी दरवर्षी तो पाहून अंगठा दाखवत होते.

त्याच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा मीच त्याला आमच्या भागातल्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफी झाली, लगेच ऑपरेशन करायचं ठरलं. मग त्याने फॉर्मवर खरं ते लिहिलं, आणि थिएटर अचानक रिकामं मिळेना. उद्या बघू, म्हणाले. दुसऱ्या दिवशीही उद्याच. तिसऱ्या दिवशी मी तो रिपोर्ट घेऊन सर्जनसमोर उभी राहिले. “हे बघा, विषाणू सापडतसुद्धा नाहीये. आणि ग्लोव्ह्ज, निर्जंतुक हत्यारं तर प्रत्येक पेशंटला लागतातच ना? मग अडलंय कुठे?” त्यांनी कागदाला हातही लावला नाही. “मॅडम, मला काही नाही हो, पण स्टाफ तयार होत नाही. समजून घ्या.” संध्याकाळी आम्ही त्याला सरकारी हॉस्पिटलात हलवलं. तिथल्यांनी एकही प्रश्न न विचारता ऑपरेशन केलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्याआधी, सर्जनशी भांडून मी खोलीत आले तेव्हा नितीन तापाने फणफणला होता. दार उघडंच होतं, त्याने सगळं ऐकलं होतं. हसला. “झकास बोललीस गं ताई. तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं हे.” मी उगाच त्याची चादर नीट करत बसले.

मागच्या आठवड्यात त्याची बोरिवलीची खोली आवरायला गेले. कुलूप काढते आहे तोच शेजारच्या आंटी बाहेर आल्या. सत्तरीच्या, मूळच्या मनोरीच्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. गोळ्या आणायला कधी कधी त्याच त्याच्यासोबत जायच्या, आणि दर रविवारी त्याच्याच हातचं जेवायच्या.

“तू मुलुंडची ताई ना?” त्या म्हणाल्या. “नितीन नेहमी सांगायचा, ताईचे उपास लय कडक.”

चौदा वर्षांत मी त्या खोलीत सात-आठ वेळा गेले असेन. प्रत्येक वेळी त्याने वाढायला घेतलं की माझा उपास निघायचा. कधी चतुर्थी, कधी सोमवार, आणि काहीच सुचलं नाही तेव्हा नुसताच ‘आज उपास आहे रे’. भिंतीवर तिथी-वार दाखवणारं कॅलेंडर टांगलेलं असायचं. त्याने कधी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

“आज पण उपास काय?” आंटींनी विचारलं. टोमणा नव्हता तो, त्या खरंच विचारत होत्या. “नसेल तर बोंबलाचं कालवण हाय.”

“नाही, आज उपास नाही,” मी म्हटलं. त्या पातेलं घेऊन आल्या, नितीनच्या मांडणीतून दोन ताटं काढली, पुसली आणि भात वाढला. त्याच्या ओट्याशेजारी जमिनीवर बसून मी पोटभर जेवले. भावाच्या घरी, पहिल्यांदाच.