आईची कोरकू

२००३ साली मी अमेरिकेला निघाले तेव्हा आई धारणीच्या बस स्टँडवर आली होती. "नीट जा. जेवत जा," एवढंच म्हणाली, तेही अडखळत, मराठीत. आम्ही कोरकू आदिवासी, घरची भाषाही कोरकूच. पण सहाव्या वर्षी मला आश्रमशाळेत घातलं आणि तिथे कोरकू बोललं की छडी बसायची. मग सुट्टीत घरी आले तरी मी मराठीतच उत्तरं द्यायची. आईने तक्रार केली नाही. माझ्यासाठी तीच मोडकंतोडकं मराठी शिकली. मैत्रिणींनो, तुम्ही आश्रमशाळेत माझ्याच वर्गातल्या. तुमच्याही घरी असंच झालं असणार.

शिकागोत मी नर्स आहे. शिफ्ट संपली की डेव्हन रस्त्यावरच्या भारतीय दुकानांत भाजी घ्यायला जाते. तिथे कुणी मराठी काकू भेटल्या की विचारतात, "तुम्ही कुठल्या?" मी "अमरावती साइडची" म्हणते आणि विषय बदलते.

आमच्या वॉर्डमध्ये लॉरेन नावाची नर्स आहे, इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांपैकी. तिच्या आईला स्ट्रोक झाला आणि तिला आमच्याकडेच ॲडमिट केलं. म्हातारीचं इंग्रजी पार गेलं. उरली फक्त लहानपणची भाषा, आणि ती लॉरेनला येत नव्हती. लहानपणी म्हातारीला सरकारी बोर्डिंग शाळेत नेलं होतं. तिथे केस कापले, आपली भाषा बोलली की तोंडात साबण. पोरांच्या वाट्याला ते नको, म्हणून तिने घरात ती भाषा कधी काढलीच नाही.

म्हातारी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची. लॉरेनने पाणी दिलं, ब्लँकेट दिलं, खिडकी उघडली. म्हातारी मान हलवून नाही म्हणायची. नवव्या दिवशी ती गेली.

"तिला काय हवं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही," लॉरेन म्हणाली. मी तिच्याजवळ बसून राहिले. डोळ्यांसमोर माझी आई होती.

त्या रविवारी मी गावी फोन लावला. "आई, माझ्याशी कोरकूत बोल."

ती म्हणाली, "आता कशाला? तू मोठी बाई झाली."

"मला आता येत नाही म्हणून."

ती हळूहळू बोलू लागली, तान्ह्या पोराशी बोलावं तशी. तेव्हापासून दर रविवारी बोलतो. माझे उच्चार ऐकून ती हसते. तुम्हीही लावा फोन, आया आहेत तोवर.

मध्ये मी दोन आठवडे आजारी होते हे तिच्यापासून लपवलं होतं, ते गेल्या रविवारी बाहेर आलं. ती चिडली आणि भराभर कोरकूत रागावत सुटली, मला समजेल की नाही याचा विचारही न करता. अर्धंच कळलं. मी शिकागोच्या किचनमध्ये उभी राहून ऐकत होते, आणि कित्येक वर्षांनी मला घरी असल्यासारखं वाटलं.