सरदाराचा डावा गाल

कपाट आवरताना जुन्या रंगपेटीतून डिंकाचा वास आला आणि मी मनानं थेट सांगलीच्या संग्रहालयात जाऊन उभा राहिलो.

समोर एका ऐतिहासिक सरदाराचं चित्र होतं. मिशा अशा, की एक टोक साताऱ्यात आणि दुसरं मिरजेत! त्याची नक्कल करत मी आमच्या चित्रकलेच्या सरांकडं जलरंगात व्यक्तिचित्र शिकत होतो. डाव्या गालावर ओला रंग पसरत होता, तेवढ्यात मलकापूरहून थोरला भाऊ आला.

“चल गड्या, आय गेली.”

“थांब रं दादा, कड वाळंल,” मी म्हणालो. ओल्या रंगाची कड मधेच वाळली, की तिथं उठलेली रेघ जन्मभर जात नाही.

“खुळा झालास व्हय रं?”

मला खरंच काही वाटत नव्हतं. हात तेवढा चालू होता. सरांनी हळूच माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. “तू जा. कड मी सांभाळतो.”

माझ्या चित्राला सरांनी हात लावला, याचा राग मला स्मशानातही येत होता. दुसरं काहीच येत नव्हतं. सर सांत्वनाचा एक शब्दही बोलले नाहीत, असं मी पुढं गावभर रंगवून सांगत आलो.

आज रंगपेटीखाली सापडलेलं माझं ते चित्र उजेडात धरलंय. गालावर कुठंच रेघ नाही.