आत्याच्या गाडीची पुढची चाकं

आमच्या गल्लीत पसरलेली बातमी अशी की, माझी आत्या गाडीशी बोलते. साफ खोटं. आत्या गाडीला शिव्या देते. बोलते ती माणसांशी, आणि तेही नाइलाजाने.

बावीस वर्षं तिने जमीन मोजणाऱ्या पथकाची गाडी चालवली. फोर व्हील ड्राइव्ह, मागे पत्र्याची खोली, त्यात दोन घडीचे पलंग, एक स्टोव्ह, पाण्याचं पिंप. रस्ता संपायचा तिथून या लोकांचं काम सुरू व्हायचं. कार्यालयाने गाडी भंगारात काढली तेव्हा आत्यानेच ती घेतली आणि आमच्या घरामागे आणून उभी केली. दर रविवारी ती दहा मिनिटं इंजिन चालू ठेवते. आधी खाकरणं, मग खोकला, मग रागावलेल्या म्हाताऱ्यासारखी गुरगुर. हा आवाज मी इतका हुबेहूब काढते की एकदा बाबा धावत बाहेर आले होते, "ताई, बंद कर ते धूड!" बाबांचाही आवाज मी काढते. त्यांना ते ठाऊक नाही.

मग एक दिवस एक हॉटेलवाला आला. त्याची स्वतःची फोर व्हील कोरी करकरीत, टपावर तंबू, टायरला धुळीचा कण नाही. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. एकाही खिशात काही नाही. "काय दिवस होते ना मावशी ते! जंगल, शेकोटी, स्वातंत्र्य!" त्याला आत्याची गाडी हॉटेलच्या बागेत ठेवायची होती. इंजिन काढून, दिव्यांच्या माळा सोडून, गिऱ्हाइकांच्या फोटोंसाठी.

"तुझी मावशी कधी झाले मी?" आत्या कडाडली. "आणि कसली शेकोटी? पाठीत उसण, कानात माती आणि पलंगाखाली विंचू, हे होते ते दिवस! चालत्या गाडीला आधी मारायचं आणि मग सजवायचं? लाज नाही वाटत?"

"ताई, चालती कुठे आहे ती?" बाबा म्हणाले. "दोन वर्षं जागची हललेली नाही. जागा माझीही आहे."

मला बाबांचा इतका राग आला की त्यांची नक्कलसुद्धा करावीशी वाटली नाही.

हॉटेलवाला हसला. "रस्त्यापर्यंत स्वतःहून गेली तर परत नाव काढणार नाही. नाही गेली, तर आजच क्रेन."

"मंजूर," आत्या म्हणाली.

रस्ता पन्नास पावलांवर, पण मध्ये पाण्याच्या टाकीच्या गळतीने झालेला पोटरीभर चिखल. मी आत्याच्या कानाशी लागले. "नाही गं जाणार ही."

"लाव पैज. हरलीस तर महिनाभर कुणाची नक्कल नाही."

"आणि तू हरलीस तर?"

"तर माझ्याकडे हरायला दुसरं काय उरेल गं, कार्टे?"

तेवढ्यात हॉटेलवाल्याला उमाळा आला. "मीच चालवतो ना! लहानपणापासूनचं स्वप्न आहे." आत्याने चावी इतक्या पटकन दिली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. त्याने ऐटीत दांडा ओढला, "फोर व्हील टाकली!" म्हणून ओरडला आणि चिखलात घुसला. मागची चाकं गरागरा फिरली, बाबांचा सदरा रंगला. पुढची ढिम्म. गाडी रुतली.

"मेली," तो खिडकीतून म्हणाला. बाबांनी क्रेनवाल्याला फोन लावायला घेतला.

"उतर." आत्या चिखलात शिरली. पुढच्या चाकापाशी वाकून तिने मधोमध लागलेला चिखल अंगठ्याने पुसला आणि तिथली चकती फिरवली. टक. मग दुसऱ्या चाकाची. टक. "आत बसून दांडा ओढला की झालं, असं नसतं या गाडीचं! खाली उतरून पुढच्या चाकांना हाताने जोडावं लागतं. दरवेळी. बावीस वर्षं उतरलेय मी. आणि याला जंगलाची आठवण येते म्हणे!"

ती टक मी कधी ऐकलीच नव्हती. रविवारी गाडी जागेवरच गुरगुरते. चाकं जोडायची वेळ येते कुठे?

आत्याने पहिला गिअर टाकला. चारही चाकं सावकाश फिरली, गाडी कण्हत वर आली आणि थेट रस्त्यावर जाऊन थांबली. बाबांनी फोन खिशात ठेवला.

हॉटेलवाला मात्र चिखलाने माखलेलं जाकीट झटकत, डोळे मिटून म्हणाला, "आह्हा! काय फीऽऽल आहे मावशी!"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. भुवया, मिटलेले डोळे, तो लांबलेला 'फी'. आत्याने खिडकीतून माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी तोंड मिटलं. महिनाही नेमका एकतीस दिवसांचा निघाला.