मी न दिलेले अकरा नकार

कोणालाही तोंडावर नकार देणे मला आजवर जमलेले नाही. आमच्या दिघीतल्या सोसायटीची मी दोन वर्षे सचिव होते. बैठकीत माझे नाव सुचवले गेले तेव्हा संकोचाने मी मान खाली घातली आणि ती संमती समजली गेली, एवढेच त्याचे कारण. अशा माणसावर एका संगणकाने तीन दिवसांत अकरा वेळा नकार दिल्याचा ठपका ठेवावा, हे मला आजही थोडे अन्यायाचे वाटते.

जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी बावीस वर्षे चाकणच्या एका कारखान्यात रबरी नळ्या ताणून त्या केव्हा तुटतात हे पाहण्याचे काम केले. पुढे कारखान्याची प्रयोगशाळा दुसऱ्या राज्यात गेली. नळ्या तिकडे गेल्या, मी इथेच राहिले. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मला ताथवड्यातल्या एका महाविद्यालयाच्या संशोधन गटात तीन महिन्यांच्या चाचणीवर घेण्यात आले. आपण शिकलेल्या विषयात काम करण्याची ही पहिलीच आणि बहुधा शेवटचीच संधी होती. ती मला हवी होती. इतकी हवी होती, की मी ते कोणालाही सांगितले नव्हते.

मुदत संपायला एक आठवडा उरला असताना गटप्रमुखांनी मला बोलावले. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि चारपट घाईत असत.

"मॅडम, सोपं आहे. आपल्या एजंटला तो बायोमेडिकल प्लॅटफॉर्म जोडायचा. कमांड लाइनवरून. शनिवारी सगळ्यांना दाखवा, म्हणजे तुमच्या मुदतीचंही बघून टाकू."

"हरकत नाही, सर," मी म्हणाले.

एजंट म्हणजे सांगितलेले काम स्वतःच पायऱ्या पाडून करणारा प्रोग्राम. प्लॅटफॉर्म म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांनी जनुके, प्रथिने आणि आजार यांच्या नोंदी जिथे ठेवल्या आहेत ते भांडार. कमांड लाइन म्हणजे एक काळी खिडकी. तिच्यात चित्रे नसतात, बटणे नसतात. आपण ओळ टंकायची आणि वाट पाहायची. हे तिन्ही अर्थ मी त्याच दिवशी वहीत लिहून घेतले.

सोमवारी मी प्लॅटफॉर्मवर खाते उघडले, त्यांनी दिलेली लांबलचक किल्ली, म्हणजे अक्षरे-आकड्यांचा सांकेतिक शब्द, योग्य जागी ठेवली, जोडणीची ओळ तीनदा तपासून टंकली आणि एजंटाला शुद्ध मराठीत विनंती केली, की कृपया आपण प्लॅटफॉर्मशी संपर्क साधावा. एजंटाने तितक्याच शुद्ध मराठीत होकार दिला. मला बरे वाटले. मग खिडकीत इंग्रजीत एक प्रश्न उमटला: हा प्रोग्राम बाहेरच्या ठिकाणी जोडला जाणार आहे, परवानगी आहे का? पुढे वाय आणि एन ही दोन अक्षरे होती. इतक्या अदबीने विचारलेल्या प्रश्नाला एका अक्षरात उत्तर देणे मला उद्धटपणाचे वाटले. मी लिहिले, "हरकत नाही."

एजंट म्हणाला, "आपण परवानगी नाकारल्यामुळे मी थांबलो आहे."

मी दचकले. "माझ्याकडून नकळत नकार गेला असल्यास क्षमस्व," असे लिहिले.

"क्षमा मागण्याची आवश्यकता नाही. पुन्हा प्रयत्न करू का?"

"हरकत नाही."

हे मात्र त्याला लगेच कळले. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच इंग्रजी प्रश्न आला, मी पुन्हा हरकत नसल्याचे कळवले आणि पुन्हा नकार नोंदवला गेला. तेच दोन शब्द एकदा होकार ठरत होते आणि पुढच्याच ओळीला नकार. नळ्यांच्या बाबतीत असे कधी झाले नव्हते. कारखान्यातल्या सवयीने मी वहीत रकाने आखले: निरीक्षण, नकार; कारण, अज्ञात. मंगळवारी मी "आमची काहीही हरकत नाही" असे लिहून पाहिले. बुधवारी "आपल्या सोयीने करावे" असे लिहिले. अकराव्या नकारानंतर एजंटाने फार समजूतदारपणे सुचवले, "आपली इच्छा नसल्यास आपण हे काम सोडून देऊ शकतो."

ते वाचून मी खिडकी बंद केली. गुरुवारी घरूनच, लॅपटॉपवरून गटाच्या संगणकाला जोडून, काम करते असे कळवले.

माझे यजमान चाकणच्याच एका कंपनीत यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतात. त्या आठवड्यात त्यांची दुसरी शिफ्ट होती, त्यामुळे सकाळी ते घरीच होते. समोर पोह्यांची बशी होती.

"एवढी गप्प का?" त्यांनी विचारले.

"तो म्हणतो, मी नकार देते."

"कोण तो?"

"एजंट."

त्यांचा घास हातातच राहिला. बाहेरच्या खोलीत सासरे बसले होते. त्यांचा जन्म दिघीतलाच, आणि आमच्या भागात एजंट म्हटले की जमिनीचाच. त्यांनी तिथूनच आवाज दिला.

"कुनाचा एजंट हाय? त्याला म्हनावं, आमास्नी काय बी इकायचं न्हाई."

"जमिनीचा नाही, अण्णा. संगणकातला," मी म्हणाले.

"संगनकात आसू दे न्हाईतर गाडीत आसू दे. सही करू नगंस."

यजमानांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तीन दिवसांची माझी उत्तरे त्यांनी खालून वर वाचली आणि मग ते बराच वेळ हसले. हसणे थांबल्यावर पुन्हा एकदा वाचून पुन्हा हसले.

"अगं, हा वाय नाहीतर एन मागतोय. तू त्याला पत्रं लिहितेस."

"एका अक्षरात कसं सांगायचं? आणि एजंटाला तर मराठी येतं."

"एजंटला येतं. हे विचारणारा तो नाहीच. हा नुसता दारावरचा वॉचमन. त्याला एकच अक्षर कळतं. वाय म्हणजे सोड, बाकी जगातलं सगळं म्हणजे अडव. आमच्या कंपनीतल्या प्रेस मशीनला दोन बटणं असतात, हिरवं आणि लाल. 'माझी हरकत नाही' असं बटण तू कुठल्या प्रेसवर बघितलंस?"

"बघितलं नाही."

"मग?"

सासरे आता दारात येऊन उभे होते. "ही तवा बी आसंच म्हनली व्हती," त्यांनी सांगितले. "बघायला गेलो, इचारलं पोरगा पसंत हाय का. म्हनली, हरकत न्हाई. मी दोन दिस इचार करत बसलो, ह्ये व्हय हाय का न्हाई."

"मग काय ठरवलंत?" यजमानांनी विचारले.

"तुज्या आयनं ठरवलं. म्हनली, रडली न्हाई म्हंजी व्हय."

मी पुन्हा जोडणी करायला सांगितली आणि प्रश्न येताच वाय दाबले. खिडकीत तीन ओळी सरकल्या आणि एजंटाने कळवले, की जोडणी झाली आहे. मी एका प्रथिनाचे नाव विचारले. ते कोणत्या जनुकापासून बनते, शरीरात कुठे आढळते, सगळे ओळीने समोर आले. तीन दिवस अडलेल्या कामाला एक चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

होकाराची सवय अशी अचानक लागली, की तिचा मोह आवरेना. शुक्रवारी जे जे विचारले गेले त्याला मी वाय म्हटले. परिणामी खिडकीचा रंग जांभळा झाला, प्रत्येक ओळ आली की घंटा वाजू लागली आणि एका परदेशी ई-पत्रिकेची मी नियमित वाचक झाले. ती अजूनही येते.

शनिवारी गटातले सहाही जण माझ्या मागे उभे राहिले. मधुमेहाशी संबंधित एका जनुकाबद्दल गटप्रमुखांनी प्रश्न सांगितला, मी तो टंकला. घंटा वाजली. एजंट म्हणाला, की या विषयावरच्या साऱ्या मूळ फाइली उतरवून घेतो. लगेच दारावरचा प्रश्न आला: परवानगी आहे का?

"वाय, मॅडम, वाय," गटप्रमुख म्हणाले.

माझे बोट त्या बटणावर गेलेही होते. पण छापील अक्षर पूर्ण वाचल्याशिवाय पुढे न जाण्याची खोड नळ्यांनी लावलेली. प्रश्नाखाली बारीक आकड्यांत फाइलींचा आकार दिला होता. आमच्या संगणकात मोकळी जागा किती आहे हे मी सोमवारीच वहीत लिहिले होते. फाइली तिच्या कितीतरी पट होत्या. हे सगळ्यांसमोर बोलून दाखवणे मला जमणारे नव्हते.

मी एन दाबले.

"आपण परवानगी नाकारल्यामुळे मी थांबलो आहे," एजंट म्हणाला. या वेळी ते खरे होते.

"अहो, काय केलंत?" गटप्रमुख म्हणाले. "मी वाय म्हणालो होतो."

"हो, सर."

"मग?"

"बसलं नसतं, सर."

मागे कोणीतरी खोकले. मी एजंटाला मूळ फाइलींऐवजी गोषवाऱ्याचा तक्ता आणायला सांगितले, त्याने विचारल्यावर वाय दिले, आणि घंटेवर घंटा वाजत तक्ता पडद्यावर भरत गेला. गटप्रमुखांनी पुढे वाकून आधी तक्ता पाहिला. मग पडदा वर सरकवून तो आकडा पाहिला. मग संगणकातली मोकळी जागा पाहिली.

"डिस्क भरून हे बंदच पडलं असतं. आपला सगळा जुना डेटा याच मशिनवर आहे ना?" त्यांनी विचारले.

"हो, सर."

"मुदतीचं सोडा आता. तुम्हाला ठेवून घेण्याच्या कागदावर सोमवारी सही करतो." एवढे बोलून ते दाराकडे निघाले आणि परत वळले. "आणि हे बाकीच्या विभागांनाही तुम्हीच शिकवायचं. साठ-सत्तर जण असतील. मोठ्या हॉलमध्ये घेऊ."

मी जमिनीकडे पाहिले. ते संमती समजण्याच्या आतच मला बोलावे लागले.

"नाही, सर. हॉलमध्ये मला बोलता येणार नाही. दोघादोघांना शिकवीन."

"दोघादोघांना? वर्ष जाईल, मॅडम."

"हो, सर."

त्यांनी मनात काहीतरी हिशेब मांडला, हात झटकला आणि दोघादोघांच्या तुकड्यांना मान्यता दिली. पहिल्या तुकडीत घाईघाईने ते स्वतःच येऊन बसले. मी काही सांगण्याच्या आत त्यांनी जोडणीची ओळ टंकली, परवानगीचा प्रश्न येताच झटक्यात 'ओके, डन' असे लिहिले, आणि आपण नकार दिल्याचे पडद्यावर वाचून माझ्याकडे पाहिले.