जावयाची गाडी आणि चिमाजीचं मौन

चिमाजी,

तू फोन उचलत नाहीस, आणि का उचलत नाहीस ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहून कळवते. तुझ्या आरतीने मला गाठलं. "बाई, बाबांच्या एकसष्टीला पुस्तिका काढतोय, त्यांचे गुण लिहून द्या," म्हणाली. दोन संध्याकाळी मी गुण शोधले, मग नाद सोडला. तुझ्या आयुष्यातला एक दिवस मात्र मला पक्का आठवतो, कारण त्या दिवशी तू गप्प होतास. तोच लिहिते. इथून पुढे तुला 'तो' म्हणणार आहे, म्हणजे तुला मधे तोंड घालता येणार नाही. स्वतःला 'बाई' म्हणेन, नाहीतरी सगळं गाव तेच म्हणतं.

तर चिमाजी हा वारूळवाडीचा मोटर मिस्त्री. विहिरीवरच्या, बोअरमधल्या, शेततळ्यावरच्या, पाणी उचलणाऱ्या सगळ्या मोटरी त्याच्याकडे येतात. रस्त्याला लागून पत्र्याची शेड, शेडमागे त्याचं घर आणि त्याच्या घराला चिकटून बाईंचं घर. बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे चिमाजीची बडबड भिंतीतून ऐकायला त्यांना भरपूर वेळ.

बडबड एकाच विषयाची. कुणाची मोटर कशी जळाली, कुणी ती कशी बिघडवून आणली आणि चिमाजीने ती कशी उभी केली. लग्नात, बारशात, एसटीच्या थांब्यावर, कुठेही. दादाभाऊंच्या दहाव्याला लोक एकेक करून दोन शब्द बोलत होते. चिमाजी उभा राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, "दादाभाऊ गेले, पण त्यांची मोटर अजून चालतीय. मीच बांधलेली." आणि बसला. त्याच्या मते याहून मोठी श्रद्धांजली नव्हती.

ही जीभ आरतीच्या साखरपुड्यात भोवली. नवऱ्याकडची मंडळी पारगावची. नवरदेवाचे मामा सावळेराम त्यांच्या जीपमधून निघाले, तेव्हा चिमाजी फेट्यासकट जीपखाली वाकला, वर आला आणि वरातीएवढ्या गर्दीसमोर म्हणाला, "पावणं, ही कळंबचा पूल वलांडत न्हाई."

जीप कळंबच्या पुलावर बंद पडली.

चिमाजीला वाटलं, आता पारगावात आपलं नाव निघेल. निघालं, पण भलतंच. जावयाची आई ठकूबाई सगळ्यांना सांगू लागली, "व्याही मनाचा लई चांगला, पण जीभ काळी. बोलला आन् गाडी जागीच बसली." लग्नात तर पारगावकरांनी आपल्या गाड्या मांडवापासून लांब, चिमाजीला दिसणार नाहीत अशा लावल्या. आरतीला हे इतकं लागलं की पाठवणीच्या वेळी, रडता रडता, तिने बापाला बजावलं, "बाबा, आमच्या गाडीबद्दल तुम्ही एक शब्द काढलात, तर पुढच्या धोंड्यापर्यंत मी माहेरी यायची नाही."

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. आरती बोलल्याप्रमाणे करणारी मुलगी. चिमाजीला याचा अर्थ नीट कळला.

आणि पहिलाच धोंडा आला. ऐन उन्हाळ्यात जावई ऋतिक आणि आरती सकाळी दारात हजर, ऋतिकने नव्याने घेतलेल्या जुन्या गाडीतून. गाडी जर्मन बनावटीची, पांढरी, नाकाने उंच. जेवण करून तसंच पुढे घाटमाथ्यावर आहुप्याला जायचं, देवराई बघायची, तिथे आरतीच्या मैत्रिणीकडे मुक्काम करायचा, असा बेत. चिमाजीची बायको इंद्रायणी हिने दोघांवरून भाकरतुकडा ओवाळला, गाडीच्या चाकावर पाणी घातलं, कुंकवाचं बोट लावलं. ऋतिकने गाडी बंद केली आणि कुलूप न लावताच सगळे आत गेले.

चिमाजी मात्र जागचा हलला नाही. गाडी बंद होती आणि गाडीच्या पोटात कुठेतरी एक मोटर चालू होती. बारीक, घूंऽऽ अशी. मधूनच कण्हल्यासारखी. दुसऱ्या कुणाला ती ऐकू आली नसती, पण चिमाजीला आपल्या बायकोची हाक ऐकू येत नाही आणि दोन शेतं पलीकडची मोटर ऐकू येते. तो वाकला. गाडीखाली गुलाबी पाण्याचं थारोळं होतं.

"कुंकवाचं असंल," इंद्रायणी दारातून म्हणाली. "मी चाकावर पाणी घातलं ना."

"कुंकू चाकाला लावलं तू. ह्ये मधून गळतंय." त्याने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "गोड हाय."

बाई त्यांच्या ओट्यावरून हे बघत होत्या. "थुंक आधी," त्या म्हणाल्या. "कूलंट आहे ते, इंजिन गार ठेवायचं. विष असतं त्यात. चूळ भर."

चिमाजीने चूळ भरली आणि तो गाडीखाली सरकला. गरम इंजिनाजवळ, एका बाजूला, पेरूएवढा पंप होता. इंजिन बंद झालं तरी हा थोडा वेळ चालू राहतो, आतलं गरम पाणी फिरवत ठेवतो. आणि त्याच्या नळीच्या तोंडातून टिप टिप गुलाबी गळत होतं.

"बाई," तो खालून कुजबुजला, "माझ्या मोटरींची पणती हाय ही. एवढीशी. आन् नळी चिरलीय हिची."

"मग जावयाला सांग."

"कसं सांगू?"

खरंच, कसं सांगणार. गप्प बसावं, तर डिंभ्याच्या पुढे धरणाच्या कडेने वळणांचा रस्ता, चढ, फोनला रेंज नाही, आणि पाणी संपलेलं इंजिन. त्यात आपली पोर. सांगावं, तर काळी जीभ पुन्हा चालली, आणि पोर तीन वर्षं दिसायची नाही. तिसरा रस्ता एकच, न सांगता दुरुस्त करायची. पण इंजिन तापलेलं, निवेपर्यंत उघडता येत नाही. म्हणजे तोवर जावयाला घरात अडकवून ठेवायचा.

"जेवताना उठू दिऊ नको," त्याने इंद्रायणीला सांगितलं.

"ते माझ्यावर सोडा," इंद्रायणी म्हणाली, आणि तिने पदर खोचला.

जावयाला तेल लावून न्हाऊ घातलं, नवे कपडे दिले, पाटावर बसवलं. ताटात पुरणाचे धोंडे, आमरस, कुरडई, भजी. ऋतिक सासऱ्याला शोधत इकडेतिकडे बघून म्हणाला, "मामा कुठायत? ते नाही बसत?"

इंद्रायणीने आयुष्यात कधी खोटं बोलून पाहिलं नव्हतं, पण पहिल्याच प्रयत्नात तिला चांगलं जमलं. "त्यांनी महिना धरलाय. मौनाचं जेवण. मागं एकटेच बसत्यात. आन् दिवस मावळंपर्यंत बोलत न्हाईत."

आरतीच्या हातातली तुपाची वाटी थांबली. "बाबा? बोलत नाहीत?"

"एक शब्द न्हाई. तुझ्यासाठी धरलंय, पोरी."

आरतीचे डोळे भरले. ऋतिकलाही भरून आलं असावं, कारण त्याने दुसरा धोंडा नको म्हटलं नाही. तिसऱ्याला त्याने पानावर हात आडवा धरला. इंद्रायणीने हाताच्या कडेने वाढला. चौथ्याला तो उठू लागला, "मामी, जरा गाडीतून चार्जर घेऊन येतो."

"पानावरून उठू न्हाई. आज तर नकोच."

तो बसला. थोड्या वेळाने पुन्हा, "गाडी उन्हात आहे, सावलीत लावून येतो."

"सावली तिकडंच यील. रस घ्या."

बाहेर गोणपाटावर चिमाजी उताणा. खालचं प्लास्टिकचं झाकण काढलेलं, तोंडावर गुलाबी थेंब. नळी टोकालाच चिरली होती, तेवढं टोक त्याने ब्लेडने उडवलं. उरलेली नळी पंपापर्यंत पोचत होती. पण मूळची क्लिप सैल पडलेली, आणि शेडमधल्या सगळ्या क्लिपा विहिरीच्या मापाच्या. एकेक क्लिप लावून तो बघत होता आणि प्रत्येक क्लिप त्या नळीवर करंगळीत घातलेल्या कड्यासारखी फिरत होती. मग त्याची नजर बाईंच्या भिंतीकडे गेली. तिथे बाईंची गच्चीवर पाणी चढवणारी छोटी मोटर होती. तिच्या पाइपावर बरोबर तेवढीच क्लिप, नवी, चकचकीत.

"बाई, तुमची काढतो. उद्याच्याला नवी आणून लावतो."

"काढ. पण उद्या म्हणजे उद्या."

"आता काय बाई, एवढ्याशा क्लिपंसाठी."

क्लिप बसली. आता पाणी. चिमाजी बोअरचं पाणी घेऊन आला, तेव्हा बाईंनी त्याला हटकलं. त्या पाण्याने बाईंच्या किटलीत वर्षभरात चुनखडीचा डोंगर झाला होता. त्यांनी आपल्या इन्व्हर्टरसाठी आणून ठेवलेली शुद्ध पाण्याची बाटली आणून दिली. "आजच्यापुरतं चालेल हे," त्या म्हणाल्या. पाणी भरलं, पण चिमाजीने मान हलवली.

"हवा धरलीय. गाडी चालू करून काढावी लागंल."

किल्ली ऋतिकच्या पँटीत, पँट न्हाणीत खुंटीला. इंद्रायणी भात आणायला म्हणून उठली आणि भाताबरोबर किल्लीही घेऊन आली. गाडीचा आवाज आत जाऊ नये म्हणून चिमाजीने शेडमधली पाच एचपीची मोटर लावली. आत आरती म्हणाली, "मौन धरलं तरी मोटर लावल्याशिवाय घास जात नाही बाबांना."

गाडीत कोण बसणार? चिमाजी पुढे झाकणाशी हवा बघणार, इंद्रायणी वाढणार. उरल्या बाई. त्यांनी ब्रेक दाबून बटण दाबलं. मग चिमाजीने खुणेने सांगितलं, गरम हवेचं बटण पुरं फिरवा. म्हणजे सगळ्या नळ्यांतून पाणी फिरतं आणि अडकलेली हवा सुटते. ते बरोबर होतं. पण मे महिन्याची दुपार, काचा बंद, आणि समोरून तोंडावर भट्टी. बाईंनी दरवाजा उघडला तर चिमाजी बोनेटवरून हात जोडून, "उतरू नका, निघतीय, निघतीय." बाईंची साडी अंगाला चिकटली. आयुष्यात त्यांनी विज्ञान शिकवलं, पण स्वतः प्रयोगात बसण्याची ही पहिली वेळ.

बुडबुडे थांबले. थेंब थांबला. गाडी बंद केल्यावर तो पेरूएवढा पंप पुन्हा घूं करत राहिला, पण आता न कण्हता. चिमाजीने गाडीवर कान टेकवून तो ऐकला, दुसरे लोक भजन ऐकतात तसा.

किल्ली खुंटीवर परत गेली. चिमाजी राहिलेला पाना उचलायला पुन्हा गाडीखाली सरकला आणि तेवढ्यात आत इंद्रायणीचे धोंडे संपले. तिने जावयाला वाणात द्यायच्या अनारशांच्या ताटाला हात घातला. ते तेहेतीस मोजून द्यायचे असतात. ऋतिकला पाच अनारसे खाऊ घातल्यावर मात्र तो माणूस उठला, हात न धुता, आणि थेट गाडीकडे पळाला. तट्ट झालेलं पोट धरून, पण पळाला.

चिमाजीला खालून फक्त पाय दिसले. नव्या पँटीची घडी, आणि शेजारी सीटखालून काढलेली पाण्याची मोठी बाटली. बोनेट उघडलं. झाकण फिरलं.

"आयला," वरून ऋतिकचा आवाज आला, हळू. "टाकी भरलेली आहे."

म्हणजे जावयालाही गळती ठाऊक होती. पारगावपासून आरतीची नजर चुकवून तो पाणी ओतत आला होता, आणि पानावरून उठायचं होतं तेही त्याचसाठी. पाय मागे झाले. ऋतिक वाकला, जमीन बघितली. चिमाजीने पाय आखडून घेतले, पण ऋतिक पोटामुळे पूर्ण वाकूच शकला नाही. मग त्याचे दोन्ही पाय जुळले. बाईंना ओट्यावरून उरलेलं दिसलं. जावई गाडीला हात जोडून उभा होता.

निघताना ऋतिकने सासऱ्याला नमस्कार केला. राहवलं नाही त्याला. "मामा, तुम्हाला म्हणून सांगतो. येताना हिचं पाणी थोडं गळत होतं. आता बघतो तर टिपूस नाही. जर्मन गाडी आहे, स्वतःच स्वतःला नीट करते. आपल्याकडच्या मिस्त्र्यांना सात जन्मात कळायचं नाही."

चिमाजीचं तोंड उघडलं. इंद्रायणी त्याच्याकडे बघत होती. आरती बघत होती. बाई तर बघतच होत्या. चिमाजीने तोंड मिटलं, आणि बोनेटवर दोनदा हळूच थापटलं.

"पटलं मामांना," ऋतिक म्हणाला.

आरतीने बापाच्या पाया पडताना सांगितलं, "दिवाळीला चांगली आठ दिवस येते."

दिवस मावळल्यावर तिचा फोन आला. आहुप्यात कड्याच्या टोकाशी जरा रेंज मिळते, तिथून. गाडी सरळ वर आली, कुठेही थांबली नाही, म्हणाली. मौन संपलं होतं, चिमाजीला आता कुणी अडवलं नव्हतं. इंद्रायणी आणि बाई दोघी कान देऊन बसल्या होत्या.

"बरं," चिमाजी म्हणाला, आणि फोन ठेवला.

ती स्वतःला नीट करणारी गाडी तेव्हापासून पारगावात, मंचरच्या बाजारात, दोन लग्नांत आणि एका पूजेत ऋतिकने सांगितली आहे. चिमाजी समोर बसून ऐकतो आणि मान डोलावतो. आता ती इथे छापली जाईल, ऋतिक वाचेल, वाचू दे. वाचून झालं की त्याने माझं शुद्ध पाणी काढून खरं कूलंट भरून घ्यावं. आणि आरती, बापाने शब्द पाळला. बोलले ते मी.

राहिलं एक, चिमाजी. तुझी लेक आहुप्याला जाऊन आली ती माझ्या क्लिपवर. उद्या नवी लावतो म्हणाला होतास. माझ्या पाइपाला अजून परकराची नाडी बांधलेली आहे, आणि खाली बादली आहे. ती आत्ताच ओतून आले.