धाकूभाऊंची शब्दांची दोरी

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी धाकूभाऊ तांडेल दोरी बांधत. स्टोअरच्या दोन खांबांमध्ये सुतळी ताणायची, खिशातून पुठ्ठ्याचे तुकडे काढायचे, आणि एकेक तुकडा मधोमध दुमडून सुतळीवर टाकायचा. प्रत्येक तुकड्यावर रंगीत खडूने लिहिलेला एक इंग्रजी शब्द. मग हात धुऊन म्हणायचे, "चला, आज एस-टीची पाच अक्षरी दोरी. स्टील मी टांगलाय. बोला पुढं."

एकोणीसशे साठच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. तारापूरला विजेच्या प्रकल्पाचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि आम्ही दोघं तिथल्या एका कंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये होतो. मी साताऱ्याकडून आलेला, मॅट्रिक झालेला कारकून. ते नवापूरचे कोळी, चौथीपर्यंत शिकलेले, बिगारी म्हणून लागलेले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. खोक्यांच्या झाकणांवरचे शब्द ते उतरवून घेत, मला अर्थ विचारत आणि दोरीला लावत. एका दोरीवर सुरुवातीची दोन अक्षरं सारखी आणि लांबीही सारखी, हा नियम.

"असं का, धाकूभाऊ?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"तू कदी बोंबील सुकवलेस?"

"नाही."

"मग तुला कसं कळंल! आमी एका दोरीवर एकाच मापाचे लावतो. सगळे संगतीनं सुकतात. त्यात एक मोठा घातला का तो वला रायतो, आणि बाजूच्यांना बी नासवतो. शब्दांचं तसंच हाय. सारख्या मापाचे एका जागी लाव, डोक्यात संगतीनं सुकतात."

आणि खरंच सुकत. स्टोअरमधले पंधरा-वीस मजूर, ज्यांना आधी खोकं उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नसे, ते दोन महिन्यांत लांबून नाव वाचून माल काढायला लागले. खेळाचा नियम असा, की ज्याला शब्द सुचला नाही त्याने डब्यातला एक घास धाकूभाऊंना द्यायचा. स्टोअर, स्टीम, स्टोन, स्टूल अशी फेरी फिरत माझ्यापर्यंत आली आणि मी घाईत 'स्टेशन' म्हणालो, तेव्हा सगळ्यांनी बोटं मोजून दाखवली. सात! धाकूभाऊंनी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं. "पिठलं! रोज पिठलं! हे जिंकून मी काय करू? तू माजी सुकट खा, तीच तुजी शिक्षा."

साहेब लोकांची त्यांना भीती नव्हती. बी-ओची चार अक्षरी दोरी लावली की ते हमखास म्हणत, "बघा रं, बोल्ट चार अक्षरांचा नि बॉस बी चार अक्षरांचा. एका दोरीवरचे हायेत. घाबरायचं कशाला?" त्यांची एकच इच्छा होती. कायमचा स्टोअरकीपर व्हायचं आणि कमरेला स्टोअरच्या किल्ल्या लावून गावात एक चक्कर मारायची. चौथीच्या दाखल्यावर ते जमणार नाही, इंग्रजी येत असल्याचा काहीतरी पुरावा लागेल, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

होळीला ते चार दिवस रजेवर गेले. दोरी तशीच होती. त्याच वेळी ट्रेनिंगचे साहेब स्टोअर पाहायला आले. दोरीपुढे थांबले, शब्द वाचले, लांबी ताडली आणि खूश होऊन म्हणाले, "ही कल्पना कोणाची?"

मी म्हणालो, "माझी, सर."

का म्हणालो, याचं उत्तर मी साठ वर्षं शोधतो आहे. एवढंच सांगता येतं, की ते वाक्य तोंडातून सहज निघालं. आठवड्याभरात त्या दोऱ्यांचं सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक साऱ्या साइटवर वाटलं गेलं, खाली माझं नाव. मजुरांना शिकवायला मला ट्रेनिंग विभागात घेतलं.

धाकूभाऊ परत आले, त्यांनी पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. ते म्हणाले, "सहा अक्षरी दोरी राहिली रं. ती बी घाल." आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या वर्गात पहिल्या रांगेत येऊन बसले! मला 'मास्तर' म्हणू लागले. मी प्रश्न विचारला की सगळ्यांच्या आधी हात वर. वर्गातल्या प्रत्येकाला खरं माहीत होतं. सगळे गालात हसत आणि मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राही.

मग कायम करायच्या मुलाखती आल्या. कागद पुढे करायला मी साहेबांच्या बाजूलाच बसलो होतो. धाकूभाऊंनी समोर ठेवलेले सगळे शब्द धडाधड वाचले. साहेब चकित झाले. "चौथी पास ना तुम्ही? इंग्रजी कुठे शिकलात?"

धाकूभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "मास्तरांकडं, सायेब."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. स्टोअरकीपरची जागा एका मॅट्रिकवाल्याला गेली. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी पुढच्या उमेदवाराचा कागद पुढे केला.

महिन्याभराने मी नवापूरला गेलो. किनाऱ्यावर बायका बोंबील टांगत होत्या, मध्ये धाकूभाऊ, आणि सगळ्या मोठमोठ्याने म्हणत होत्या, "बोट! बोल्ट! बॉडी!" चुकली की हशा. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "धाकूभाऊ, त्या दिवशी खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुजी नोकरी गेली असती." त्यांनी पाण्याकडे हात केला. "माज्याकडं होडी हाय. तुज्याकडं काय हाय?"

साहेबांना पत्र लिहायचं मी तिथेच ठरवलं. लिहिलं नाही. त्याच नोकरीवर माझा संसार झाला.

गेल्या वर्षी ते गेले. पिकलं वय होतं, शेवटपर्यंत हसते होते. दिवसकार्याला मी नवापूरला गेलो आणि भरल्या घरात सगळं सांगून टाकलं. धाकूभाऊंची मुलगी ऐकत होती. आता तीही आजी झालेली.

"काका, ही गोष्ट आमाला पाठ हाय," ती म्हणाली. "बाबा दर होळीला सांगायचे, आमी पोट धरून हसायचो. मास्तरचं नाव मात्र कदी सांगितलं नाय. आमी किती येळा विचारलं. म्हणायचे, त्याचं तो सांगंल."

मग माझ्याकडे नीट बघून तिने आत हाक मारली, "अगो, चहा टाका! आपला मास्तर आलाय!"

घरभर हसू पसरलं. पुरुषभर उंचीचा एक नातू मला जवळून पाहायला पुढे आला, आणि मी त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं.